केडगावची कॉलेटं

मशिन घरी आणलं त्या दिवशी बायकोनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, हे चालतं का? चालत नव्हतं. ड्रिलला धार लावायचं जुनं, वजनदार, बघताक्षणी जीव जडावा असं मशिन होतं ते. पण ड्रिल ज्यात गच्च धरलं जातं त्या चिरा पाडलेल्या पोलादी नळ्या, म्हणजे कॉलेटं, त्याच्याबरोबर आलीच नव्हती. भंगाराच्या लिलावात मशिन एकीकडे गेलं आणि कॉलेटांची पेटी भलतीकडे. मी म्हणालो, मिळतील. ती म्हणाली, मिळाली की मलाही दाखवा.

थट्टा करत असली तरी मला ते कशाला हवंय हे तिला पक्कं माहीत होतं. जन्मभर मी कारखान्याच्या टूलरूममध्ये हातानं धार लावली. निवृत्तीनंतर शिरूरला घरामागे ग्राइंडर बसवला आणि फॅब्रिकेशनवाले पिशव्या भरभरून बोथट ड्रिलं आणून टाकू लागले. मग उजवा हात थरथरायला लागला. थरथरत्या हातानं चहा पिता येतो, धार लावता येत नाही. टोकाची एक बाजू किंचित लांब झाली तरी भोक वाकडं पडतं. मशिन ड्रिल स्वतः धरतं, आपण नुसता दांडा फिरवायचा. कॉलेटं मिळाली तर माझं काम टिकणार होतं, नाहीतर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायचा. त्या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

एका लेथवाल्याकडून एक कॉलेट बनवून घेतलं, तर ड्रिल त्यात गरागरा फिरलं. पुण्यातल्या दुकानदारानं फोटो धड न पाहताच नकाराची मान हलवली, त्याचा राग मला दोन दिवस पुरला. शेवटी दौंडच्या एका स्पेअर पार्टवाल्याचा फोन आला. केडगावला शेतीची अवजारं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे अगदी हेच मशिन होतं म्हणे. मी ताटावरून उठलो. हात असा झाल्यापासून मोटारसायकल चालवायला घरच्यांची बंदी, म्हणून एसटी पकडली. कॉलेट जिथं बसतं ते मशिनचं तोंड खोलून पिशवीत घेतलं होतं, ते मांडीवर घेऊन बसलो. पारगावच्या पुलापर्यंत पुढे उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. ड्रायव्हर शांत होता आणि मी मनातल्या मनात हॉर्न वाजवत होतो.

चाचांचं मशिन हलवताना पडून फुटलं होतं, पण पेटी त्यांनी जपली होती. झाकण उघडलं आणि आत तेलात माखलेली कॉलेटं, लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीनं उभी! मी एक उचलून पिशवीतल्या तोंडात सरकवलं. असं बसलं, असं बसलं की मला नाचावंसं वाटलं.

जन्मभर धार लावत आलोय असं मी सांगितलं, पण चाचांनी पेटी आपल्याकडे ओढून घेतली. गोड बोलून माल उचलणारे भंगारवाले त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी अर्ध्या इंचाचं एक बोथट ड्रिल माझ्यापुढे धरलं आणि ग्राइंडर चालू केला. म्हणाले, "कारागीर हाय म्हणता, तर धार लावून दावा."

मी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं, श्वास रोखला, ड्रिल ग्राइंडरच्या दगडाला लावलं. ठिणग्या उडाल्या आणि हात माझं न ऐकता त्याच्या मनासारखा हलला, टोक वाकडं घासलं गेलं. चाचांनी ड्रिल डोळ्यांजवळ नेलंच नाही. टोकावरून अंगठा फिरवला आणि ते बाजूला ठेवून दिलं. घराबाहेर कुणालाही न सांगितलेलं तेव्हा मी सांगून टाकलं. हात बरा असता तर या मशिनच्या वाटेला गेलोच नसतो, म्हणालो.

"मंग ते आधी सांगायचं न्हाई व्हय?" चाचा म्हणाले. "माझं डोळं गेल्यात. धार दिसतच न्हाई."

पैशांचा विषय काढला तर त्यांनी हात आडवा केला. पेटी माझ्या पिशवीत ठेवली आणि वर एका फडक्यात बांधलेली स्वतःची बोथट ड्रिलं ठेवली. परतीच्या एसटीत मी ती पिशवी कुणाला हातसुद्धा लावू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या ड्रिलला मशिनवर धार लावली आणि त्यानं लोखंडी पट्टीत भोक पाडायला घेतलं. दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीचा कीस वळ्यावळ्यानं वर आला. मी इतक्या जोरात हाक मारली की बायको पिठाच्या हातानं धावत आली. तिनं कीस पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि फडक्यातलं पुढचं ड्रिल उचलून माझ्या हातात दिलं.

ड्रिलं परत द्यायला केडगावला गेलो तेव्हा निमोण्याचा एक शेतकरी नांगराचा फाळ घेऊन चाचांकडे बसला होता. चाचांनी एकेका ड्रिलच्या टोकावरून सावकाश अंगठा फिरवला. मग एक त्या शेतकऱ्यापुढे धरून म्हणाले, "बघा, ही ह्यांच्या हातची धार हाय."

मशिनचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.