दोन मिस्ड कॉल

आमच्या धंद्यात फोन उचलायचा नसतो. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण खरंच. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही घरोघरी मावश्या पाठवतो, म्हणजे दिवसभर किंवा रात्रभर पेशंटजवळ राहणाऱ्या बायका. भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या एका बिल्डिंगखालचा गाळा, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. मावशी पेशंटच्या घरी पोहोचली की मला एक मिस्ड कॉल द्यायची. मी उचलायचे नाही, फक्त तिच्या नावापुढे खूण करायचे. बॅलन्स वाचवायच्या दिवसांतली ही पद्धत, पुढे कॉल फुकट झाले तरी सुटली नाही.

आणि लागोपाठ दोन आले, तर काहीतरी बिघडलंय. पेशंट पडलाय, धाप लागलीय, नाहीतर घरातल्या कुणाची नजर चांगली नाही. परक्याच्या घरात, घरच्यांच्या समोर, बाईला फोनवर बोलता येत नाही. पदराआड दोनदा बटण मात्र दाबता येतं. दोन आले की मी हातातलं टाकून उलटा फोन लावायचे, आणि तिने उचलला नाही तर स्कूटर काढायचे. उत्तनजवळच्या पालीच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, तिथेही मी अशी धावत गेलेय. याला आम्ही कधी नियम वगैरे म्हटलं नाही. जुनी बाई नव्या बाईला सांगायची, की झालं.

मग धंदा वाढला. मीरा रोड, भाईंदर, उत्तन, घोडबंदरच्या बाजूला पार चेणे गावापर्यंत. फोन दिवसभर ठणाणा करायचा. जेवायला बसले की फोन, आंघोळीला गेले की फोन, देवापुढे हात जोडले की फोन. माझी धाकटी जाऊ बँकेतली नोकरी सोडून माझ्या मदतीला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने हात टेकले. म्हणाली, "वहिनी, असं नाही चालायचं. हजेरी, पगार, बिलं, बदल्या, सगळं एका सिस्टीमला जोडून टाकू. आपोआप होईल." मी म्हटलं, बाई, तू म्हणशील ते. मला एकदा गरम चहा गरम असताना पिऊ दे.

त्याच सुमारास चेण्याची केस आली. लकवा झालेली म्हातारी, घरात एकटा मुलगा, नोकरी गेलेला आणि दुपारपासून पिणारा. तिथे मी मंडणगडकडची एक मावशी दिली, आमच्यातली सगळ्यात दणकट. ऐंशी किलोचा माणूस ती एकटी कुशीवर वळवायची. दोन-चार दिवसांनी ती गाळ्यावर आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "ताई, पोरगा बरा नाय वाटत मला. आईच्या कपाटाच्या चावीवर डोळा हाय त्याचा, आणि चावी म्हातारीनं माझ्याकडं दिलीय."

मी वही उघडली. म्हटलं, "सोड ती केस. दुसरी देते."

"आणि म्हातारीला कोन बघनार? बोळक्या तोंडानं हसते माझ्याकडं बघून."

"मग जरा जरी काही वाटलं तरी दोन दे. मी आहे."

"ते तर हायच," ती म्हणाली आणि निघून गेली.

इकडे आमचे डेमो सुरू झाले. पहिली सिस्टीम परदेशी. रंगीत चौकोन, चौकोनांना जोडणाऱ्या रेघा, हे झालं की ते आपोआप होणार. दिसायला झकास, पण मावश्यांनी ॲप उघडून सेल्फी काढायचा होता, आणि आमच्या निम्म्या बायकांचे फोन नातवंडांनी आपटून फोडलेले. दुसरी अंधेरीची. तिच्यात सगळं व्हॉट्सॲपवर, पण बाईने इंग्रजीत काहीतरी लिहिल्याशिवाय गाडं हलायचं नाही. तिसऱ्या कंपनीच्या माणसाने मात्र आम्हाला जिंकलं. हजेरीसाठी मिस्ड कॉल चालतो म्हणाला. "मॅडम, आपकी लेडीज को कुछ नया सीखना ही नहीं है." जावेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आमच्यासाठीच केलीय जणू, असं झालं आम्हाला. तीच घेतली.

मग त्या माणसाने आमच्या कामाची रीत लिहून मागितली. जावेने इमानदारीत सगळी लिहिली. मावशी निघते कधी, पोहोचते कधी, आजारी पडली तर बदली कोण, बिल कुणाला. दोन मिस्ड कॉलचं तिने लिहिलं नाही, कारण तिला ते माहीतच नव्हतं. आणि मी सांगितलं नाही, कारण ते काम आहे असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अहो, दारावर थाप पडली की आपण उठतो, हे कुणी लिहून ठेवतं का?

ट्रायलमध्ये एक भानगड झाली. बायकांची बोटं दोनदा पडायची आणि सिस्टीम दोन हजेऱ्या लावायची. जाऊ हसून हसून लोटपोट. "वहिनी, एका दिवसाचे दोन पगार! मावश्यांची चांदी!" तिने कंपनीला कळवलं, आणि त्यांनी सोय करून दिली. एका पाळीत एका नंबरवरून कितीही कॉल आले तरी हजेरी एकच. "असं ठेवू ना?" जावेने विचारलं. मी दुसऱ्या पेशंटच्या मुलीशी बोलत होते. मानेनेच हो म्हटलं.

माझा जुना नंबर सिस्टीमला जोडला गेला आणि गाळ्यात शांतता झाली. त्या शांततेचं काय सांगू! पहिल्या दिवशी मी चहा प्यायले, अगदी ओठ भाजेपर्यंत गरम. दुसऱ्या दिवशी मला करमेना. हात सारखा फोनकडे जायचा. स्क्रीनवर मावश्यांची नावं एकेक करून हिरवी व्हायची, आणि मला उगाच वाटत राहायचं की गॅसवर काहीतरी ठेवून विसरलेय. जाऊ म्हणाली, "सवय व्हायला वेळ लागतो." म्हटलं, असेल बाई.

त्या दिवशी चेण्याच्या मावशीचं नाव सकाळीच हिरवं झालं. दुपारी मी बघितलं, हिरवं. चहाच्या वेळी बघितलं, हिरवं. जाऊ बिलं काढत होती आणि मी चक्क बसल्या बसल्या डुलकी काढली. आजही ती डुलकी आठवली की मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

संध्याकाळी जावेचा फोन वाजला. रात्रपाळीची मावशी चेण्याहून रडत ओरडत होती. आतल्या खोलीचं दार फुटलंय, म्हातारी पलंगावर भेदरून टक्क डोळे उघडे ठेवून पडलीय, मुलगा पळालाय, आणि गावातले लोक आपल्या बाईला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलेत. मी स्कूटर काढली. घोडबंदर रोडवर ट्रकांच्या मधून मी कशी गेले ते मला विचारू नका.

मुलगा दुपारीच पिऊन आला होता. चावी मागायला लागला. मावशी म्हातारीच्या खोलीत शिरली, दार लावलं आणि पाठ लावून बसली. कडी तुटकी होती. शेवटी त्याने दार फोडलं तेव्हा तिचा उजवा हात दार आणि चौकट यांच्या मध्ये सापडला. मनगटाचा चुरा झाला. हाड जुळेल, डॉक्टर म्हणाले, पण पकड पहिल्यासारखी येणार नाही. तिचं पोट त्या पकडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी जावेने तिचं नाव उघडून आत बघितलं. हिरव्या रंगाखाली दुपारचे सगळे कॉल होते. दोन, परत दोन, परत दोन, बघवेना. सगळे मिळून हजेरी एक. कंपनीच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, सिस्टम ने तो बराबर पकड़ा है. एक भी कॉल मिस नहीं हुआ." जाऊ टेबलावर डोकं ठेवून रडली. मला रडू येत नाही अशा वेळी, राग येतो. तो घेऊनच मी हॉस्पिटलात गेले आणि त्या बिचारीवरच ओरडले. "अगं, मी येत नाही म्हटल्यावर पोलिसांना लावायचास! शेजारी लावायचास! फोन हातात होता ना तुझ्या?"

तिने प्लास्टरमधला हात उशीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"लावनारच होते ताई," ती म्हणाली. "पन तुमच्या नंबरवरनं मेसेज आला ना. 'कॉल मिळाला, नोंद झाली, धन्यवाद.' म्हटलं, ताईंना कळलं, निघाल्या असतील. परत दोन दिले, परत आला मेसेज. मग दुसऱ्या कुनाला फोनच नाय केला मी. दार धरून बसले, तुमची वाट बघत."