ताईंची पहिली इमारत

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीइतकं मोठ्याने बोलणारं माणूस सुरतेत दुसरं नाही, आणि हे मी हजीऱ्याच्या कारखान्यांचे भोंगे धरून सांगतोय. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. डिंडोलीहून त्यांचा फोन आला की मी तो खिडकीत ठेवून खुशाल दाढी करतो. एक शब्द सुटत नाही. "कोणाला सांगू नका हं" म्हणून त्यांनी भाचीचं लग्न ठरत आल्याची बातमी दिली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बेन पेढे मागायला वर आल्या होत्या.

हा आवाज जन्मजात नाही बरं का. बायको सांगते, लहानपणी ताई इतकी हळू बोलायची की हजेरीत तिची गैरहजेरी लागायची. आवाज दिला तो इमारतीने. ताई नर्सिंगच्या शाळेत शिकवतात, आणि ही शाळा सुरू झाली गोडादऱ्यात, यंत्रमागांच्या अर्ध्या शेडमध्ये. मधे एक भिंत, अलीकडे पोरी आणि पलीकडे दिवसभर खटखट. त्या खटखटीतून शेवटच्या बाकापर्यंत हाडांची नावं पोचवायची म्हणजे घसा हवाच. त्यांच्या पोरीही तशाच तयार झाल्या. कुठल्याही दवाखान्यात सिस्टरने "गोळी घेतली का?" विचारल्यावर तीन खाटांवरचे पेशंट "हो" म्हणाले, तर ती ताईंची विद्यार्थिनी समजावी.

ओरडून सगळं शिकवता येतं, पण बीपी कसं शिकवणार? पट्टा फुगवायचा, हवा सोडायची आणि स्टेथोस्कोपमधून नाडीचे ठोके ऐकायचे. इथे पलीकडचे मागच कानात ठोके देत होते. मग ताईंनी बीपीचा तास मागांच्या सुट्टीच्या दिवशी लावला. पोरी एकमेकींचे दंड आवळून कंटाळल्या, तेव्हा ताई पलीकडे जाऊन कारागिरांनाच बोलावून आल्या. सगळी आमच्या खानदेशाकडचीच मंडळी. सुट्टीच्या दिवशी ती आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येत आणि बाह्या वर करून रांगेत बसत. त्यांतले आप्पा सर्वांत वडील. दंड आवळून आवळून लाल झाला तरी ते प्रत्येक पोरीला विचारत, "ऐकू येस का वं, माय?" पोरगी गप्प राहिली की म्हणत, "घाई नको. आखो एकदाव दाब," आणि पुन्हा एकदा दाबायला दंड पुढे करत.

पहिली परीक्षा नेमकी मागांच्या कामाच्या दिवशी आली. माग थांबवा म्हणायला ताईंची जीभ रेटेना, कारण कारागिरांना पैसे विणलेल्या कापडावर मिळत. पहिल्या मुलीने पट्टा बांधला आणि पलीकडचे माग कोणी न सांगता, एकामागून एक थांबत गेले. शेवटच्या मुलीचं होईपर्यंत ते सुरू झाले नाहीत. त्या शांततेतही ताई सवयीने "पुढची ये!" अशा ओरडल्या की परीक्षकांच्या हातून पेन पडलं.

पुढे शाळा भाड्याच्या बंगल्यात गेली, मग एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आणि यंदा स्वतःच्या इमारतीत आली. काचा, लिफ्ट, बीपी शिकायला रबरी हात! सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर शाळेच्या सगळ्या इमारतींचे फोटो लावले, ते मात्र बंगल्यापासून. ताईंनी ट्रस्टीसाहेबांना धरलं. माणूस भला, पण म्हणाला, "बेन, शेडनो फोटो ज क्यां छे? अने शेड सारो पण नथी लागतो."

फोटोच नाही, आणि शेड दिसायलाही बरी नाही, असं त्यांचं म्हणणं. शेड तर केव्हाच पाडलेली. महिनाभर ताईंनी मला फोटोसाठी गोडादऱ्यात दारोदार हिंडवलं. एकदा मी वैतागून म्हटलं, "जाऊ द्या ना ताई, एका फोटोने काय होतं?" भर रस्त्यात त्या गरजल्या, "तिथे आपल्यासाठी लोकांनी माग थांबवले, जावईबापू! ते भिंतीवर नको?" दोन रिक्षावाले थांबले. फोटो काही मिळाला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी ट्रस्टीसाहेब बंगल्यापासूनचा इतिहास सांगत होते, तेवढ्यात ताई आप्पांना हाताला धरून आत आल्या. बंगल्याच्या फोटोशेजारी खुर्ची ओढून त्यांनी म्हाताऱ्याला बसवलं आणि माइकशिवाय सगळ्या सभागृहाला सांगितलं, "ही आपली पहिली इमारत!" मागे बसलेल्या जुन्या पोरी उठून उभ्या राहिल्या. ट्रस्टीसाहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि स्वतःचा हार आप्पांच्या गळ्यात घातला. मला ताईंचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आप्पांना यातलं काही ऐकू गेलं नाही. मागांनी त्यांचे कान कधीच नेलेत. समोर इतके पांढरे गणवेश दिसल्यावर त्यांनी आपली मुकाट्याने बाही वर केली. कोणीतरी पट्टा आणला, तो ताईंनी स्वतः बांधला. हवा सोडली. इमारत अगदी शांत होती.

"ऐकू येस का वं, माय?"

ताईंनी तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. आप्पांनी जरा वाट पाहिली आणि दंड थोडा पुढे केला.

"घाई नको," ते म्हणाले. "आखो एकदाव दाब."