डबीतली वेलची

लंडनजवळ स्टॅनमोरच्या घरी शिऱ्यासाठी वेलची कुटली, की मला बोर्डिंगमधली शनिवारची संध्याकाळ आठवते. एटीजमध्ये मी इथल्याच ज्यू मुलींच्या शाळेत होते. आम्ही मूळचे ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. शेजारच्या बेडवरची रूथ मला सारखी विचारायची, "तू खरंच ज्यू आहेस?"

शनिवारी अंधार पडला की शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपायचा. तेव्हा लवंगांची चांदीची डबी वास घेण्यासाठी हातोहात फिरायची. त्या दिवशी लवंगांना वासच उरला नव्हता. मी धावत जाऊन आईने दिलेली वेलचीची पुडी आणली आणि चार वेलच्या सोलून डबीत टाकल्या. डबी फिरली, पण प्रत्येकीने नुसता वास घेऊन ती पुढे सरकवली. घरचा वास उगाच इथे आणला, असं वाटून मी मान खाली घालून बसले.

परवा रूथचा फोन आला. लेकीच्या घरी डबीत लवंगा होत्या म्हणे.

"वास चुकीचाच वाटला मला," ती म्हणाली. "वेलचीशिवाय शब्बाथ संपल्यासारखं वाटेचना."