वन्संचा माउसशी उभा दावा

माझ्या नणंदबाई एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं काम करतात. मी त्यांना अजून वन्संच म्हणते. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एका घरात राहतो आणि एकमेकींचं डोकं खातो.

वन्संचं माउसशी वाजलं ते मनगटामुळे. तो धरला की खांद्यापर्यंत कळ जायची. डॉक्टर म्हणाले, "काम सोडा." वन्संनी काम ठेवलं आणि माउस सोडला. कंट्रोलबरोबर अमुक, ऑल्टबरोबर तमुक अशा कीबोर्डवरच्या कळांच्या जोड्या त्यांनी एकेक करून पाठ केल्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पियानो शिकवताना माझ्या बोटांवर पट्टी मारत, तरी माझा हात काही वळला नाही. वन्संचा पट्टीशिवाय वळला.

मग त्यांना लाँचर सापडला. दोन कळा दाबल्या की पडद्यावर रिकामी चौकट येते, तिच्यात नाव लिहिलं की तो प्रोग्राम हजर. ही नावं आपल्या मनाने ठेवता येतात हे कळल्यावर वन्संना रान मोकळं मिळालं. हिशेबाचा प्रोग्राम झाला 'चिकट', ईमेल 'चहाडखोर', प्रिंटर 'रुसूबाई'. पडद्यावरची चित्रं त्यांनी काढून टाकली, खालची पट्टीसुद्धा लपवली. पाहुणे यायच्या आधी दिवाणखाना असतो तसा लख्ख पडदा!

छापखान्याचे मालक कुरकुरायचे. "बाई, हा कॉम्प्युटर आहे की तुमची तिजोरी? एक दिवस सगळं पुसून पहिल्यासारखं करून टाकीन."

"टाका की. मग माउस धरून तुम्हीच बसा."

तिथे असं फणकारायचं आणि घरी येऊन मला म्हणायचं, "वहिनी, खरंच पुसलं तर हे मनगट घेऊन मी कुठे जाऊ हो?"

एके सकाळी कामाला निघताना वन्सं जिन्यात पडल्या. पाय प्लास्टरमध्ये. दवाखान्यातून घरी येऊन टेकतो न टेकतो तोच मालकांचा फोन. वन्संनी तो स्पीकरवर टाकला.

"बाई, नाटकवाला काउंटरवर उभा आहे. आज प्रयोग, आणि तिकिटांवर खुर्च्यांचे नंबर चुकलेत! ते पानं जुळवायचं उघडू कुठून? पडद्यावर औषधाला चित्र नाही."

"ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबा."

"दाबलं. चौकट आली. आता काय लिहू?"

वन्सं प्लास्टर खाजवू लागल्या.

"बाई? आहात ना?"

"आवाज तुटतोय हो तुमचा."

"मला तुमचा ठणठणीत येतोय. हे बघा, सांगायचं नसेल तर दुरुस्तीवाल्याला बोलावतो. सगळं पुसून नव्याने घालून देईल तो."

वन्संचा चेहरा पडला. त्यांनी फोनवर तळवा धरला.

"अहो, सांगून टाका ना!" मी कुजबुजले.

"ते नाव मालकांवरून ठेवलंय, वहिनी."

"मग खूशच होतील."

"त्यांच्या डोक्यावरून ठेवलंय."

मालकांच्या डोक्यावर शपथेला केस नाही. तो प्रोग्राम उघडला की आधी कोरं, चकचकीत पान येतं, एवढंच त्या नावाला निमित्त. मी पदर तोंडाशी धरला. वन्संनी डोळे मिटले आणि तळवा काढला.

"लिहा. ट."

"ट."

"मग क."

"क. पुढे?"

"ल्या."

पलीकडे कळांचा आवाज झाला.

"टकल्या," मालकांनी सावकाश वाचलं. मागे कोणीतरी खो खो हसलं. नाटकवालाच असणार.

"उघडलं," मालक कोरडेपणाने म्हणाले. "पुढचं सांगा."

पुढचं वन्संनी इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. कंट्रोलबरोबर हे, शिफ्टबरोबर ते. नंबर सुधारले, तिकिटं छापून गेली. फोन ठेवताना मालक एवढंच म्हणाले, "पाय बरा झाला की या. मग बघतो."

त्या 'मग बघतो'ने प्लास्टरपेक्षा जास्त छळलं. भाजी निवडता निवडता वन्सं मध्येच थांबायच्या. "पुसलं असेल का हो?" मी म्हणायची, "पुसलं तर पुसलं," आणि मलाही घास गोड लागायचा नाही.

कामावर पहिल्या दिवशी मी त्यांना सोडायला गेले. वन्सं काठी टेकून खुर्चीत बसल्या, दोन कळा दाबल्या, चौकट आली. चिकट उघडला. रुसूबाई उघडली. टकल्याही उघडला. वन्संनी सोडलेला श्वास मला दारात ऐकू आला.

मालक मागे येऊन उभे राहिले. "दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं मी. एक नाव घालून घेतलं. लिहा, कैदाशीण."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

"तुम्ही आलात की माझी अशीच बोलती बंद होते," मालक म्हणाले आणि टकलावरून हात फिरवत आत गेले.

हल्ली काम संपायच्या वेळी ते आतूनच ओरडतात, "बाई, कैदाशीण!" आणि वन्सं निमूटपणे टाइप करून घरी येतात.