चौथ्या भागात नदी नाही

जिल्दवाले चाचा पुस्तक आधी कानाशी धरत. अंगठ्याने पाने फडफडवत आणि डोळे मिटून सांगत, "मधला दोरा सुटला." उघडून पाहावे तर सुटलेलाच असे. अंबडच्या कोर्टाजवळ त्यांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते. दुकान कसले, टपरीएवढी खोली: पुस्तके दाबायचा एक शिकंजा, दाभण, पुठ्ठे आणि मोरचूद घातलेल्या खळीचा डबा. शाळांची हजेरीपत्रके, वकिलांचे कायद्याचे ग्रंथ आणि आमच्या वाचनालयाची फाटकी पुस्तके, सारे त्यांच्याकडे जाई.

पाने नुसती चिकटवण्याचा त्यांना राग होता. "चिकटवलेलं पुस्तक म्हंजे पाहुणा," ते म्हणत. "शिवलं की घरचं झालं." घरात उर्दू बोलणारा हा माणूस मराठी वाचायला शिकला तो पुस्तके शिवता शिवता. आणि शिवता शिवताच 'निळागड'च्या नादी लागला.

'निळागड' ही कादंबरी तुमच्यापैकी काहींनी पांघरुणात लपवून वाचली असेल. सात भाग, जादूचा गड, हरवलेली राजकन्या, बोलणारे दगड. आम्ही शिकलेली माणसे तिला हसत असू. लेखकाला भाषा नाही, वर्णनांना अंत नाही. आणि तिसऱ्या भागात मेलेला म्हातारा दरवान पाचव्यात खुशाल दरवाजा उघडतो, हा तर आमचा ठरलेला विनोद. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि वाचनालयाच्या पुस्तक समितीवरही होतो. एका वर्षी बांधणीच्या यादीत या सातही भागांपुढे मी लिहिले: रद्दी.

यादी घेऊन चाचा माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही.

"सर, हे तुमचंच अक्षर हाय ना?"

"हो. का?"

"किती वाचलं तुम्ही ह्यातलं?"

"दीड भाग. तेवढा पुरे झाला."

"दीड! पोरानं दोन सवाल लिवले की बाकीचा पेपर न बघताच नापास करता का तुम्ही?"

"अहो चाचा, मेलेला माणूस दार उघडतो त्यात."

"मंग? जाईल कुठं तो? उभी जिंदगी दारावर काढली त्यानं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्या पुस्तकांत त्यांना काय सापडले होते, ते त्यांनी एकदा सांगितले. "कितीक किताबा शिवल्या, सर. राजा निघतो, लढतो, जिंकतो. घोड्याला कुनी पानी पाजत न्हाई. हा लेखक आधी पानी शोधतो, मंग तलवार काढतो." ते खरे होते. मी वाचलेल्या दीड भागातसुद्धा सैन्य एक अख्खे प्रकरण विहीर शोधत फिरते. त्याला मी पाल्हाळ म्हटले होते. टँकरची वाट पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते पाल्हाळ का वाटावे, हे माझे मलाच नंतर कळेना.

रद्दीतून सातही भाग त्यांनी उचलले. निळ्या कापडात बांधले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले. सातव्याच्या शेवटी चार कोरी पाने शिवलेली होती. "शिव्या द्यायच्या तर हितं लिवा," ते म्हणाले. "पन पुरं वाचून."

मी हो म्हणालो आणि पुस्तके कपाटावर गेली. चाचा दिसले की विचारत, "कितवा?" वर्षभराने मी संकोचून म्हणालो, "चौथा चालू आहे."

"वा! मंग नदी आली असंल."

"आली ना. छान आहे वर्णन."

चाचांनी दाभण खाली ठेवले. "चौथ्यात नदीच न्हाई, सर!" आणि इतके हसले की बाहेर बसलेल्या टायपिस्टने मान वळवली. "अरे, ऐक! सर कॉपी करताना सापडले!"

"मग नदी कितव्या भागात आहे?"

"सांगितलं तर तेवढंच वाचसाल."

मागच्या थंडीत त्यांना जालन्याला दवाखान्यात नेले. मी भेटायला गेलो तेव्हा बोलताना धाप लागत होती. त्यांनी नुसता हात हलवून विचारले, कितवा? या वेळी खोटे बोलवेना. मी दोन बोटे दाखवली.

"चालतंय," ते म्हणाले. "जल्दी न्हाई."

चार दिवसांनी ते गेले.

त्यानंतर मी पुस्तके खाली काढली. रोज सकाळी थोडे वाचत गेलो. भाषा मला अजूनही ओबडधोबड वाटते. एकच डोंगर तीन तीनदा उगवतो. पाचव्या भागात तो दरवान आला. लेखकाने काही कारण दिलेले नाही. म्हातारा कंदील खाली ठेवतो, कडी काढतो आणि "उशीर केलात" एवढेच म्हणतो. ते पान माझ्याने लवकर उलटवले नाही.

नदी सातव्या भागात आहे, शेवटून दुसऱ्या प्रकरणात. लढाई तोवर संपलेली असते. घोडे पाण्यात उतरतात आणि लेखक दोन पानेभर त्यांना पिऊ देतो. कुठेही घाई करत नाही.

पुस्तक मिटले आणि कानाशी धरून पाने फडफडवली. एकही दोरा सुटलेला नव्हता. मग शिव्यांसाठी ठेवलेले पहिले कोरे पान उघडले आणि लिहिले: चाचा, सातव्यात. घोडे पाणी प्यायले.