भाऊंना हवा असलेला शेवट

मंडळी, आपल्या पुस्तकवाल्या कम्युनिटीतले वैशाखरे गावचे भाऊ गेले. मला आज कळलं.

मुरबाडच्या सायबर कॅफेतून ते पुस्तकं सुचवायचे आणि खाली हमखास लिहायचे,

"पुस्तक आहे फर्मास फार,
शेवट सांगा, मानीन आभार."

आपल्याला ती गंमत वाटायची. आपणही यमकं जुळवून उत्तरं द्यायचो. माझं तर तुम्हाला आठवत असेल:

"शेवट सांगू कशाला फुकट?
आधी पाठवा करवंदं आंबट!"

दोन महिने त्यांची पोस्ट नाही, म्हणून आज शहापूरहून मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी सांगितलं, "पुस्तकं ते रद्दीतून आणायचे. पाठची पानं फाटलेलीच असायची. मग शेवट तुमाला विचारायचे."

मी नाव सांगितलं, तशा त्या आत गेल्या आणि एक बरणी घेऊन आल्या. "करवंदाचं लोणचं. तुमच्यासाठी घालून ठेवलं होतं त्यांनी. पोचवायला जमलं नाय."

बरणी समोर आहे. झाकण उघडायचा धीर होत नाही.

शेवट सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या मी यमकात घालवल्या.

तुमच्यापैकी कुणी तरी त्यांना एखादा शेवट सांगितला होता का हो?