मितालीचं नाव गेटवर

शेजारच्या हर्षालीला मुरबाडकडच्या एका कंपनीत डबे भरायचं काम लागलं, तेव्हा तिची मिताली आठ महिन्यांची होती. ठेकेदाराकडची बाई, प्रेमा, गेटवरच फॉर्म भरून घेते. लहान मूल असलेली बाई ती घेत नाही. खाडे होतात म्हणे. "पोरं किती?" असं विचारल्यावर हर्षाली म्हणाली, "एक पण नाय."

घरी येऊन माझ्या ओट्यावर रडली. "काकू, माझ्या तोंडानं मी असं बोलले. पोरीला काय झालं तर?"

"देवाला कळतं गो. तू जा, पोर माझ्याकडे ठेव."

नवरा सूरज ढाब्यावर, सासू रानात. हर्षालीचा पगार सुरू झाला तसा त्यांच्या घराचा गळका कोपरा पत्र्याखाली आला.

रोज सहाला फाट्यावर जीप यायची. निघण्याआधी ती मितालीच्या गालाला काजळाची तीट लावायची, आणि परत फिरून आणखी एक. मग दिवसभर पोर माझ्या देवघरापुढे. संध्याकाळी मी सांगायचे, "तुझ्या लेकीनं आज देवाच्या आधी साखर खाल्ली."

"मग देवानंच दिली आसंल," म्हणत ती पोरीला पदराखाली घ्यायची.

असे चार महिने गेले. श्रावणातल्या एका सोमवारी मितालीला ताप चढला आणि माझ्या मांडीवरच आकडी आली. कंपनीत मोबाइल गेटवर काढून घेतात, म्हणून मी गेटच्या नंबरावर फोन लावला. उचलला प्रेमानंच.

"हर्षालीला पाठवा हो, पोर आजारी आहे…"

"कोणाची पोर? हर्षालीला मूल नाय. तुमी कोन बोलताय?"

खरं सांगावं तर तिचं काम जाणार. "चुकून लागला," म्हणाले आणि ठेवला. पोरीला उराशी धरून रिक्षानं दवाखाना गाठला. सुई दिली, ताप उतरला, ती झोपली.

संध्याकाळी हर्षालीला सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. ती रडली नाही. मितालीच्या गालावरची तीट पुसली गेली होती, त्या जागेवरून अंगठा फिरवत बसली.

"तुमचा उपासाचा सोमवार, काकू. आणि माझ्यापायी तुमाला खोटं बोलाय लागलं."

"माझं सोड. तू कामाचं बघ."

दुसऱ्या दिवशी ती जीपनं गेली आणि अकराच्या सुमारास परत आली. टोकावड्यापर्यंत एसटीनं, पुढं चालत. जेवणाचा डबा भरलेलाच.

"काय गो?"

"सांगितलं प्रेमाबायला. म्हटलं, फॉर्मवर लिवा, मला पोरगी हाय. मिताली नाव तिचं."

"मग?"

"म्हणाली, मोठी कर नि मग ये."

माझ्या ओट्यावर बसून तिनं डबा उघडला आणि भाजीत भाकर कुस्करून लेकीला भरवली. स्वतः खाल्लं नाही.

आज सकाळी दिवा लावताना मी देवाकडे तिच्यासाठी काम मागितलं. पोर बरी आहे, ते त्यानं दिलंच आहे. तेवढ्यात फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला. हर्षाली अंगण झाडत होती. तिनं मान वर केली नाही.